रिमोट डेस्कटॉप सुरू करा, पण इंटरनेटवर उघडा ठेवू नका

या महिन्याच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे: दूरच्या सर्व्हरचा डेस्कटॉप आपल्या लॅपटॉपवर कसा उघडायचा आणि तो सुरक्षित कसा ठेवायचा. सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हातचं काही न राखता उत्तरं देते. पहिलं पत्र सगळ्यात तातडीचं आहे, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न: आमच्या छोट्या ऑफिसचं हिशेबाचं सॉफ्टवेअर एका विंडोज सर्व्हरवर चालतं. मला घरून काम करता यावं म्हणून सॉफ्टवेअर बसवणाऱ्या तंत्रज्ञांनी राउटरवर ३३८९ हा पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचा क्रमांकाचा दरवाजा) उघडून दिला. काम छान चालतं. पण परवा सहज इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडला, तर फसलेल्या लॉगिनच्या नोंदींचा ढीग दिसला. 'अॅडमिन', 'टेस्ट', 'स्कॅनर', 'बॅकअप' अशी, आमच्याकडे कधीच नसलेली नावं. तंत्रज्ञ म्हणतात, पोर्टचा नंबर बदलू, म्हणजे थांबेल. तेवढं पुरेल का?
— एका ऑफिसमधल्या लेखापाल

उत्तर: नाही पुरणार. हे उत्तर पुढे वाचण्याआधी एक काम करा: राउटरवरचा तो पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी आत सर्व्हरकडे पाठवण्याचा, नियम आत्ता बंद करा. पुढची व्यवस्था लागेपर्यंत ऑफिसात जाऊन काम करावं लागेल. ते गैरसोयीचं आहे, पण त्या सर्व्हरवर तुमच्या एकट्यांचे नाही, सगळ्या ग्राहकांचे हिशेब आहेत.

त्या नोंदी तुमच्यावर डूख धरून कोणी केलेल्या नाहीत. इंटरनेटवरचा एकेक पत्ता ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात. आयपी म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते ठरवणारी पद्धत; तिच्या चौथ्या आवृत्तीत सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. आकडा अफाट वाटतो, पण २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन बनवलं आणि एकाच संगणकावरून, एका गिगाबिटच्या जोडणीवर, एखादा पोर्ट या साऱ्या पत्त्यांवर पाऊण तासाच्या आत तपासता येतो हे दाखवून दिलं. तेव्हा 'आपल्या एवढ्याशा ऑफिसला कोण शोधत येणार' हा विचार मनातून काढून टाका. कोणी शोधत येत नाही. सगळ्यांनाच तपासलं जातं.

पोर्ट ३३८९ ऐवजी दुसरा केला तर नोंदी कमी होतील, हे खरं. मला त्याचीच भीती वाटते. ढीग ओसरला की दुखणं बरं झालं असं वाटतं, आणि दार मात्र उघडंच असतं. पोर्ट कुठलाही असो, तिथे जोडणी झाल्यावर रिमोट डेस्कटॉपची सेवा पहिल्या उत्तरातच स्वतःची ओळख सांगून टाकते.

पासवर्ड भक्कम असेल तर? तो असायलाच हवा, पण त्याच्या भरवशावर पोर्ट उघडा ठेवता येत नाही. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाने ओळखली गेलेली चूक उघड झाली. विंडोज ७, विंडोज सर्व्हर २००८ आणि त्याआधीच्या काही आवृत्त्यांमध्ये, रिमोट डेस्कटॉपच्या सेवेला विशिष्ट पद्धतीने घडवलेला डेटा पाठवला की पासवर्ड न देताच आत शिरता येत होतं. प्रकरण इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने, ज्यांना अपडेट देणं कधीच बंद केलं होतं त्या, विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ साठीसुद्धा दुरुस्ती दिली. अशा वेळी तुमचा पासवर्ड वीस अक्षरी असून काय उपयोग? त्याच्यापर्यंत वेळच येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की रिमोट डेस्कटॉप सुरू जरूर करा, पण इंटरनेटला तो दिसता कामा नये. जुन्या वाड्याचा मोठा दरवाजा बंद असतो आणि माणसं त्यातल्या छोट्या दिंडीतून एकेक करून आत येतात, तशी रचना हवी. ती दिंडी म्हणजे व्हीपीएन: ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त खासगी रस्ता.

तुमच्या आकाराच्या ऑफिसला मी वायरगार्ड सुचवेन. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, विंडोजवरही चालतं आणि मांडायला आटोपशीर आहे. पुष्कळ राउटरमध्ये ते आधीपासून असतं. तसं असेल तर राउटरवरच बसवा, सर्व्हरला हातही लावावा लागणार नाही. वायरगार्डमध्ये नाव आणि पासवर्ड नसतात. प्रत्येक उपकरणाची स्वतःची किल्ल्यांची जोडी असते: खासगी किल्ली त्या उपकरणाबाहेर जात नाही, सार्वजनिक किल्ली समोरच्याकडे नोंदवायची. ज्याची किल्ली नोंदलेली नाही त्याच्या संदेशाला वायरगार्ड उत्तरच देत नाही, 'परवानगी नाही' एवढंही म्हणत नाही. ठोठावणाऱ्याला वाटतं, इथे काही नाहीच. हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

बाहेरून उघडा राहील तो फक्त एक यूडीपी पोर्ट (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती), बहुतेक ठिकाणी ५१८२०. जोडणी झाली की तुमच्या लॅपटॉपला १०.८.०.२ असा काहीतरी आतला पत्ता मिळतो आणि त्या वाटेने तुम्ही सर्व्हरचा डेस्कटॉप नेहमीसारखा उघडता. लॅपटॉपवरच्या मांडणीत 'अलाउड आयपीज' अशी एक ओळ असते. तिथे फक्त ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचे पत्ते लिहा, नाहीतर तुमचं घरचं सगळं इंटरनेट ऑफिसमार्गे फिरून येईल आणि 'व्हीपीएनमुळे नेट संथ झालं' अशी तक्रार सुरू होईल. एकच किल्ली दोघांना कधीही देऊ नका. उद्या एक लॅपटॉप चोरीला गेला, तर त्याची नोंद पुसली की काम झालं पाहिजे, बाकीच्यांना त्रास न होता. आणि लॅपटॉप चोरीला जाऊ शकतो हे धरूनच त्याची डिस्क एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, ठेवा.

काही ठिकाणी इंटरनेट पुरवठादार ऑफिसला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देतच नाही. एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमचंही तेच आहे. तुमच्याकडे पोर्ट उघडून चाललं होतं, म्हणजे ही अडचण तुम्हाला नाही. पण ज्यांना आहे त्यांनी पुरवठादाराकडे कायमचा पत्ता मागावा, किंवा टेलस्केलसारखी, दोन्ही बाजूंना आतून बाहेर जोडून देणारी सेवा पाहावी.

आता सर्व्हरकडे वळू. विंडोजच्या फायरवॉलमध्ये 'रिमोट डेस्कटॉप' नावाने सुरू होणारे नियम असतात, टीसीपीचा वेगळा आणि यूडीपीचा वेगळा. दोन्हींच्या 'स्कोप' या टॅबमध्ये दूरच्या पत्त्यांची यादी असते. तिथे 'कोणताही' काढून फक्त व्हीपीएनचे आणि ऑफिसमधले पत्ते टाका. उद्या कोणी अजाणता राउटरवर पोर्ट पुन्हा उघडला, तर बाहेरच्या पत्त्यांना हा नियम अडवेल. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनची खूण चालू आहे ना, ते पाहा. त्यामुळे पूर्ण सत्र उभं राहण्याआधीच ओळख तपासली जाते. नव्या विंडोजमध्ये ती खूण सहसा असतेच, पण जुन्या लॅपटॉपवरून जमत नाही म्हणून कोणीतरी काढून ठेवल्याचं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. काढू नका. जुना लॅपटॉप अपडेट करा.

रोजच्या कामासाठी तुमचं स्वतःचं साधं खातं असू द्या, 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' या गटात घातलेलं. हिशेब लिहायला अॅडमिनिस्ट्रेटर लागत नाही. अॅडमिनिस्ट्रेटरचं खातं दुरून वापरताच येणार नाही असं करा. चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं काही वेळ कुलूपबंद व्हावं, हेही लावा: १० चुकांनंतर १० मिनिटं, ही मर्यादा नव्या विंडोजमध्ये मुळातच दिलेली असते आणि ती ठीक आहे. मुळातलं अॅडमिनिस्ट्रेटर खातं पूर्वी या नियमातून सुटत असे. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून त्यालाही कुलूप लावण्याची सोय आली आहे. मात्र पोर्ट जगाला उघडा असताना ही मर्यादा लावली तर हल्लेखोर चुकीचे पासवर्ड टाकून टाकून तुम्हालाच बाहेर ठेवू शकतो. म्हणून आधी दार व्हीपीएनच्या आत घ्या, मग कुलूप.

तुमच्या पत्रात जे विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं, ते असं: आजवर कोणी आत आलं तर नाही ना? फसलेल्या लॉगिनची नोंद ४६२५ क्रमांकाची असते, यशस्वी लॉगिनची ४६२४. सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ गाळून घ्या आणि त्यातला 'लॉगऑन टाइप' पाहा. रिमोट डेस्कटॉपने उघडलेलं सत्र १० या प्रकारात दिसतं. ओळख आधी तपासली जात असेल तर त्याच्या थोडं आधी ३ प्रकाराचीही नोंद पडते. समोरचा पत्ता तुमच्या घरचा आहे का, वेळ तुमच्या कामाची आहे का, हे एकेक करून पाहा. लॉगची जागा ठरलेली असते आणि नव्या नोंदी जुन्यांना ढकलून देतात, तेव्हा आधी लॉगची प्रत दुसरीकडे काढून घ्या. नवीन अनोळखी खाती तयार झाली आहेत का, आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत काही परकं आहे का, तेही बघा. अनोळखी पत्त्यावरून एक जरी यशस्वी लॉगिन सापडलं, तर सर्व्हरची नेटवर्कची तार काढा, काहीही पुसू नका, पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून बदला आणि या कामातल्या जाणकाराला बोलवा.

बॅकअपची एक प्रत सर्व्हरला कायम जोडलेली नसावी. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे लोक आधी जोडलेला बॅकअपच शोधून नष्ट करतात. डिस्क जोडा, प्रत घ्या, काढून ठेवा. आणि तिच्यातून एखादी फाइल परत काढून बघा.

शेवटी चाचणी ऑफिसच्या नेटवर्कबाहेरून करा. मोबाइलच्या इंटरनेटवर लॅपटॉप जोडा, व्हीपीएन बंद ठेवा आणि ऑफिसच्या पत्त्यावर डेस्कटॉप उघडायचा प्रयत्न करा. तो उघडता कामा नये. मग व्हीपीएन चालू करून पाहा. आयपीची सहावी आवृत्ती चालू असेल तर त्या पत्त्यावरही हीच चाचणी करा. राउटर कधीकधी एक बाजू राखतो आणि दुसरी मोकळी सोडतो.

प्रश्न: मी भाड्याने एक छोटा लिनक्स सर्व्हर घेतला आहे. मला त्यावर डेस्कटॉप हवा आहे. एका मार्गदर्शिकेत लिहिलंय की व्हीएनसी (दूरचा डेस्कटॉप दाखवणारं एक साधन) बसवा आणि फायरवॉलमध्ये ५९०१ उघडा. करू का?
— कॉम्प्युटर शाखेतला विद्यार्थी

उत्तर: व्हीएनसी बसव हवं तर, पण ५९०१ उघडू नकोस. व्हीएनसीच्या मूळच्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जातात. तू तीस अक्षरं लिहिलीस तरी बाकीची वाया. शिवाय पडद्यावरचं चित्र आणि तू दाबलेली बटणं उघडीच प्रवास करतात. काही नव्या आवृत्त्यांनी स्वतःचं एन्क्रिप्शन जोडलं आहे, पण मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख नसेल तर ते नाही असंच धरून चाल.

आधी एक विचारते: डेस्कटॉप खरंच हवा आहे का? वेबसाइट चालवायची, फाइली हलवायच्या, प्रोग्रॅम चालवायचा, याला एसएसएचची, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवरून आज्ञा टाइप करण्याची, काळी खिडकी पुरते, आणि छोट्या सर्व्हरची मेमरी डेस्कटॉप खाऊन टाकतो. एखादं चित्रमय साधन तिथेच चालवायचं असेल, तर मात्र हवा. मग एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप घे आणि एक्सआरडीपी ही लिनक्सवरची रिमोट डेस्कटॉप सेवा बसव. त्याला विंडोजच्या नेहमीच्या रिमोट डेस्कटॉपनेही जोडता येतं.

बसवल्या बसवल्या एक्सआरडीपीच्या मांडणीच्या फाइलमध्ये पोर्टच्या ओळीत १२७.०.०.१ हा पत्ता घाल, म्हणजे ती सेवा फक्त सर्व्हरच्या आतूनच ऐकेल. व्हीएनसीलाही असाच 'फक्त लोकलहोस्ट' पर्याय असतो. पुन्हा सुरू करून ऐकणाऱ्या पोर्टची यादी काढ. तिथे ३३८९ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं पाहिजे, ०.०.०.० दिसलं तर बदल लागू झालेला नाही.

आता आत जायची वाट एसएसएचच्या बोगद्यातून. एसएसएच ही पद्धत तातू उलोनेन यांनी १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात घडवली, ती तिथल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले म्हणूनच. तुझ्या लॅपटॉपवरचा १३३८९ हा पोर्ट बोगद्यातून सर्व्हरच्या ३३८९ ला जोडून दे आणि रिमोट डेस्कटॉपला 'लोकलहोस्ट, पोर्ट १३३८९' सांग. लॅपटॉपवरही ३३८९ च वापरलास तर विंडोज स्वतःच्याच डेस्कटॉपशी गल्लत करून तक्रार करू शकतं, म्हणून वेगळा आकडा.

एसएसएचसाठी ईडी२५५१९ प्रकारची किल्ली बनव, तिला पासफ्रेज लाव, सार्वजनिक भाग सर्व्हरवर ठेव, आणि किल्लीने आत जाता येतंय हे पाहिल्यावरच पासवर्डने लॉगिन बंद कर. रूटचं (सगळे अधिकार असलेल्या खात्याचं) थेट लॉगिनही बंद. हे बदल करताना चालू असलेली खिडकी मिटवू नकोस. दुसरी उघडून चाचणी घे. फायरवॉल चालू करण्याआधी २२ या एसएसएचच्या पोर्टला परवानगी द्यायला विसरलास तर सर्व्हर तुलाच बाहेर ठेवेल. मी अजूनही दूरच्या सर्व्हरच्या फायरवॉलला हात लावताना दहा मिनिटांनी तो आपोआप बंद होईल असं काम आधी लावून ठेवते. सगळं जमलं की ते काम रद्द करायचं. सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या पानावर आपत्कालीन कन्सोल कुठे आहे, तेही आजच शोधून ठेव.

लॉगिन झाल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नकोस. बहुधा कुठला डेस्कटॉप सुरू करायचा ते तुझ्या घरच्या फोल्डरमधल्या 'एक्ससेशन' फाइलमध्ये लिहिलेलं नसतं, किंवा त्याच नावाने दुसरं सत्र आधीच चालू असतं. आणि एक: फेलटूबॅनसारखं, वारंवार चुकणारे पत्ते अडवणारं साधन एक्सआरडीपीवर लावून उपयोग नाही, कारण बोगद्यातून येणारं सगळं १२७.०.०.१ वरूनच आल्यासारखं दिसतं. ते एसएसएचवर लाव.

प्रश्न: जोडताना दर वेळी 'या संगणकाची ओळख पटवता येत नाही' असा इशारा येतो. मी 'पुन्हा विचारू नका' वर खूण करून टाकली. काही महिन्यांनी तो परत आला. का?
— एका शाळेच्या कार्यालयातून

उत्तर: विंडोज स्वतःसाठी स्वतःच सही केलेलं ओळखीचं प्रमाणपत्र बनवतं. त्याची मुदत सहा महिने असते. मग नवं बनतं आणि तुमच्या लॅपटॉपला ते अनोळखी वाटतं. म्हणजे इशारा येणं स्वाभाविक आहे, पण खूण करून पुढे जाण्याची सवय घातक आहे. मधल्या नेटवर्कवर बसून कोणी स्वतःला सर्व्हर म्हणून पुढे केलं, तर तुम्हाला दिसणारा इशारा अगदी असाच असेल.

प्रमाणपत्र उघडून त्याचा 'थंबप्रिंट' (त्या प्रमाणपत्राची खूण असलेला लांब आकडा) पाहा आणि सर्व्हरसमोर बसलेल्या माणसाला फोन करून तोच आकडा वाचायला सांगा. जुळला तर पुढे जा. पुढचं कायमचं काम तुमच्या तंत्रज्ञांना सांगा: विश्वासू संस्थेने दिलेलं प्रमाणपत्र रिमोट डेस्कटॉपला जोडायचं आणि जोडताना आकड्यांचा पत्ता न वापरता त्या प्रमाणपत्रातलंच नाव वापरायचं. त्यानंतर इशारा आला तर थांबायचं.

प्रश्न: आम्ही तिघं एकाच सर्व्हरवर काम करतो. तिसऱ्याला नेहमी 'आधीच जास्त लोक आत आहेत' असं सांगितलं जातं, तेही बाकीचे दोघं घरी गेल्यावर. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनाही कायमचं लॉगिन हवं आहे. द्यावं का?
— तिघांपैकी एक

उत्तर: विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी एका वेळी दोनच सत्रं मिळतात; तिसऱ्यासाठी रिमोट डेस्कटॉप सेवेचे वेगळे परवाने घ्यावे लागतात. आणि तिघं रोज त्यावर कामच करत असाल, देखभाल नव्हे, तर परवाने तिघांनाही लागतात. तुमचे सहकारी खिडकीवरच्या फुलीवर क्लिक करून जातात. त्याने फक्त जोडणी तुटते. सत्र आत चालूच राहतं, उघड्या फाइलींसकट. जाताना 'साइन आउट' करायचं. शिवाय तुटलेलं सत्र ठरावीक वेळाने संपावं अशी मर्यादा ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या मांडणीत) लावता येते. ती लावा, मात्र रात्रभर चालणारं काही काम त्या सत्रात ठेवत असाल तर आधी ते दुसरीकडे हलवा.

पुरवठादाराला कायमचं लॉगिन देऊ नका. वेगळं खातं करा, ते एरवी बंद ठेवा, काम ठरलं की चालू करा आणि संपलं की त्याच दिवशी बंद करा. त्यांची व्हीपीएनची किल्लीही स्वतंत्र हवी आणि तिला फक्त त्या एका सर्व्हरपर्यंतच वाट असावी. त्यांच्या सत्रात फाइली आणि क्लिपबोर्ड दोन्ही बाजूंना नेण्याची सोय बंद ठेवा. एखादी फाइल हवी असेल तर ती तुम्ही पाठवा. त्यांच्यातल्या कोणीतरी 'आमचे बाकीचे ग्राहक तर कायमचं लॉगिन देतात' असं म्हणेल. तरी देऊ नका, आणि काम झाल्यावर खातं बंद करण्याची जबाबदारी तिघांपैकी कोणाची, ते आजच नावानिशी ठरवून टाका.